सतरावीचे मणी

आमच्या समोरच्या दारातल्या बाईंना सगळा जिना नंबरताई म्हणतो. हे नाव मी ठेवलं. तळमजल्यावरचे शिंपी ते आपणच ठेवलं असं सांगत फिरतात, पण त्यांनी माझ्या पोलक्याची एक बाही दोन बोटं आखूड शिवली होती. तेव्हा त्यांच्या मोजमापावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

ताईंच्या घरात नंबर नसलेली वस्तू शोधून सापडत नाही. डब्यांना नंबर, छत्र्यांना नंबर, उशांना आतून नंबर. त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत. ते म्हणतात, मी घरात फार वेळ एका जागी बसत नाही, न जाणो. माझा चहाचा कप तिथे वेगळा ठेवलेला आहे. त्याच्या बुडाला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात 'श/१' असं लिहिलंय. श म्हणजे शेजार. श/२ आहे का, हे मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. नव्हता.

ही सगळी सवय नोकरीतून आलेली. ताई संग्रहालयात आहेत. पुढे, जिथे तिकीट काढून लोक फिरतात तिथे नाही. मागच्या अंगाला, जिथे तिकीट काढूनही जाता येत नाही तिथे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दोन महिन्यांसाठी खापरं धुवायला म्हणून गेल्या. धुतलेल्या खापरांखाली चिठ्ठ्या ठेवायच्या होत्या, त्या यांनी लिहिल्या. साहेबांनी अक्षर पाहिलं आणि म्हणाले, ह्यांना ब्रश देऊ नका, टाक द्या. तेव्हापासून जमिनीतून निघालेल्या प्रत्येक तुकड्यावर नंबर घालायचं काम ताईंचं. आधी पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात, तो वाळला की काळ्या शाईने नंबर, वर पुन्हा पॉलिशचा हात. संग्रहालय दर वर्षी खोकंभर नेलपॉलिश मागवतं, आणि ज्या बाईच्या हातून ते संपतं तिच्या स्वतःच्या नखाला आयुष्यात कधी रंग लागलेला नाही.

एकदा घातलेला नंबर खरवडायचा नसतो. चूक झालीच तर त्यावर बारीक आडवी रेघ, खाली नवा नंबर आणि बाजूला आपली सही. म्हणजे तो तुकडा जगेल तितकी वर्षं आपली चूकही जगणार. ताईंच्या हातची अशी रेघ एकाही तुकड्यावर नाही. साहेब आल्यागेल्या पाहुण्याला हे सांगतात, आणि ताई त्या वेळी काहीतरी शोधत असल्यासारखं खाली बघतात. त्या काय शोधत असायच्या ते मला कळायला वीस वर्षं लागली.

आता सतरावी. गावाबाहेर कालव्याचं काम चाललं होतं तेव्हा टेकडीच्या उतारावर जुनी थडगी निघाली, तीन हजार वर्षांपूर्वीची. त्यातलं सतरा नंबरचं थडगं एका बाईचं. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजलेली, उशाशी कडेचा टवका उडालेला वाडगा. तिला ना नाव ना गाव, ताई तिला सतरावी म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं की ताईंची चुलत नणंद. "सतरावीला गुडघ्याचा त्रास होता हो," असं एकदा म्हणाल्या, तर मी कुठल्या डॉक्टरकडे दाखवलं म्हणून विचारून बसले. सतरावीच्या शेजारी, दोन हातांवर, अठरा नंबरचं लहान थडगं. पाचेक वर्षांच्या पोराचं. ताई त्याच्याबद्दल फारसं बोलत नसत.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना संग्रहालयात गोष्टवाली आली.

बत्तीस-तेहतीस वर्षांची, आखूड केस, पायात आवाज न करणारे बूट. सहा महिन्यांच्या करारावर. तिचं काम काय, तर संगणकावर गोष्टीचा खेळ बनवायचा. आमच्या ह्यांना वाटलं, गोळ्या झाडायचा खेळ असेल. तसं काही नाही. पडद्यावर चित्रसुद्धा नसतं, नुसती अक्षरं. "तुम्ही खड्ड्याच्या काठावर उभ्या आहात. ऊन वाढतंय. मातीत काहीतरी गोल दिसतंय. ब्रश घ्याल की फावडं?" आपण बोट लावायचं. फावडं म्हटलं की खाली येतं, "वाडगा फुटला. साहेब तुमच्याकडे बघत आहेत. बोलत काही नाहीत." की पुन्हा पहिल्यापासून. आपण जे निवडू तशी गोष्ट वळते.

खेळ सतरावीवरच बेतलेला होता, हा पहिला घाव. "मला विचारलंसुद्धा नाही," ताई म्हणाल्या. मी म्हटलं, सतरावीला तरी कुठे विचारलं. तर त्या दिवशी मला चहा दिला नाही.

खेळ संग्रहालयाच्या दालनात मांडल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही दोघी हेरगिरीला गेलो. ताई खांबामागे थांबल्या आणि मला पुढे ढकललं. मी ब्रश घेतला, वाडगा सोडवला, माती चाळली. चाळणीत तांबड्या अकीकाचे एकवीस बारीक मणी आले. खेळ विचारतो, ही माळ मोठ्या बाईच्या गळ्यात बसेल का? गळ्याला दोरा लावून बघा. बसत नाही. मग शेजारचं लहान थडगं. तिथे चाळणीत भाजक्या मातीचे जाडजूड मणी, एखाद्या मोठ्या बाईने घालावेत असे. आणि मग गोष्टवाली आपल्याला उचलून थेट तीन हजार वर्षं मागे नेऊन ठेवते. आता आपणच सतरावी. समोर पोर निजलेलं आहे, लोक माती लोटायला थांबलेत. "तुमचे मणी त्याच्या गळ्यात घालाल? त्याचे स्वतःजवळ ठेवाल?"

मी बोट लावलं. मी नाक पुसलं आणि मागे वळून सर्दीची खूण केली. ताई खांबामागून बघत होत्या. माझं रडणं त्यांनी तीन आठवडे मनात धरलं. "तुम्हीसुद्धा, वहिनी," एवढंच म्हणाल्या, नवऱ्याला दुसऱ्या बाईबरोबर बागेत पाहिल्यावर म्हणतात त्या सुरात.

रांगा लागायला लागल्या. आजवर त्या दालनात लोक पाऊस लागला तर यायचे. आता आया मुलांना घेऊन येत, आणि जाताना पोराचा हात जरा घट्ट धरून जात. साहेबांनी सगळ्या लोकांना बोलावून गोष्टवालीचं कौतुक केलं. म्हणाले, त्या तांबड्या मण्यांना आपण बावीस वर्षं हातातलं कडं समजत होतो. हिने तीन महिन्यांत दोन थडग्यांची अदलाबदल ओळखली. आपण नुसतेच नंबर घालत बसलो. साहेबांच्या मनात काही नव्हतं. पण टाळ्या वाजवणाऱ्यांत ताई उभ्या होत्या, उजव्या हातात टाक, त्यामुळे टाळीही वाजवता येईना.

त्यानंतर आमचा संध्याकाळचा चहा बंद पडला. हा खेळ घरीही उघडता येत होता, यजमानांनी तो संगणकावर काढून दिला, आणि ताई दार लावून खेळायला बसू लागल्या. कशाला, तर चुका काढायला. वही केली होती. एक्केचाळीस वेळा खेळल्या. सहा चुका काढल्या, चिठ्ठीवर लिहून गोष्टवालीच्या टेबलावर ठेवल्या. तिने सहाच्या सहा सुधारल्या आणि खेळाच्या शेवटी ओळ घातली, "क्रमांक विभागाचे मनापासून आभार." ताई दोन दिवस जेवल्या नाहीत.

मी खोटं कशाला बोलू, माझाही तिळपापड होत होता. श/१ त्यांच्या फडताळात धूळ खात पडला होता आणि मी माझ्या घरी बिननंबरी कपात चहा पीत होते. तेव्हा एका दुपारी मी सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, ताई, एवढा जळफळाट बरा नव्हे, पित्त होतं. ती पोरगी हुशार आहे, सोडून द्या.

"हुशार नाही ती," ताई म्हणाल्या. "अदलाबदल कुणी केली ते मला माहीत आहे."

"कुणी?"

"माझ्या कोपराने."

मग स्वयंपाकघरात बसून त्यांनी सांगितलं. मणी, अगदी जाडजूडसुद्धा, इतके लहान असतात की त्यांच्यावर नंबर घालता येत नाही. धुवून ताटलीत वाळत ठेवायचे, ताटलीखाली चिठ्ठी. त्या दिवशी खिडकीपाशी दोन ताटल्या होत्या, सतराची आणि अठराची. ताई वळल्या, कोपर लागलं, दोन्ही ताटल्या खाली. मणी टेबलाखाली, कपाटाखाली, चिठ्ठ्या उडून दारापाशी. खड्ड्यातल्या वहीत नुसतंच 'मणी, दोन पुड्या' लिहिलेलं. कुठले कुठे होते ते चिठ्ठीशिवाय कुणालाच ठाऊक नाही. त्यांनी गुडघ्यावर बसून सगळे वेचले. तांबडे एकीकडे, मातीचे एकीकडे. आणि मग कुठली ताटली कुणाची, ते काही केल्या आठवेना.

"साहेबांना सांगायचं ना."

"तेव्हा तात्पुरती होते मी. सहा वर्षं तात्पुरती."

"मग काय केलंत?"

ताईंनी ओट्यावरचं नसलेलं काहीतरी पुसलं. "तांबडे सतरावीला दिले. तिला शोभले असते."

मी आयुष्यात पुष्कळ वशिलेबाजी पाहिली आहे, पण तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या बाईसाठी केलेली तेव्हा पहिल्यांदा ऐकली. हसू येत होतं. पण ताईंचं तोंड बघून गिळलं. म्हणाल्या, ती मुलगी पडद्यावर रोज शंभर बायकांना विचारते, पोराच्या गळ्यातले मणी काढाल का. आणि प्रत्येक वेळी मला वाटतं, ते काढणारी मी आहे.

माझ्यातली आग लावणारी बाई लगेच जागी झाली. मी म्हटलं, ताई, उठा आणि सांगून टाका. तिची गोष्ट एका वाक्यात आडवी होईल. अदलाबदल नाही, माया नाही, काही नाही, एक कोपर. पुढच्या आठवड्यात बाहेरून मोठी माणसं येणार आहेत ना खेळ बघायला? त्याच्या आधी सांगा.

"आणि माझी रेघ?" त्या म्हणाल्या.

गाडी तिथे अडली होती. तोंड उघडलं तर गोष्टवाली पडणार, पण अठ्ठावीस वर्षांत न मारलेली रेघ ताईंना स्वतःच्या हाताने मारावी लागणार, खाली सहीसकट. नाही उघडलं तर नाव कोरं राहणार, आणि त्यांच्या सतरावीच्या गळ्यात जन्मभर पोराचे मणी. आठ दिवस त्या या दारातून त्या दारात फिरल्या. यजमान मला जिन्यात गाठून म्हणाले, हिला काय झालंय? काल माझ्या चष्म्याचा नंबर विचारला, तर म्हणाली, मला नाही खात्री.

नवव्या दिवशी त्या निघाल्या. मी सोबत गेले. अशा प्रसंगी शेजाऱ्याने सोबत असावं. शिवाय नंतर ऐकलेल्या हकिगतीत नेहमी काहीतरी गळतं.

मागची खोली मी पहिल्यांदाच पाहिली. लांबलचक टेबल, त्यावर फडकं अंथरलेलं, फडक्यावर खापरं रांगेत, आणि ओळीने नेलपॉलिशच्या बाटल्या, जणू लग्नघर. साहेब बैठकीला गेलेले. टेबलाच्या टोकाला गोष्टवाली बसून लिहीत होती. मला वाटलं, आता ताई परत फिरणार. त्या फिरल्या नाहीत. उभ्याउभ्याच सांगितलं, ताटल्या, कोपर, चिठ्ठ्या, सगळं, नंबर घालावेत तसं क्रमाने.

पोरीचा चेहरा उतरत गेला. मी याचीच वाट बघत होते, आणि दिसल्यावर का कोण जाणे, मजा आली नाही.

"म्हणजे तिने ते घेतलेच नव्हते," ती म्हणाली.

"तिने घेतले की नाही, ते मला माहीत नाही. मी दिले, एवढं माहीत आहे."

मी एका खापराला हात लावला, तर दोघी एकदम म्हणाल्या, ठेवा ते. मग गोष्टवालीने विचारलं, "ताई, कोपर लागलं तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात?"

हा प्रश्न मला का सुचला नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं. वीस वर्षं मी त्या बाईचा चहा पितेय.

ताई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "गाडी निघाली होती. खोदकामावर. सगळे मागे बसले होते, डोक्याला फडकी बांधून. मला म्हणाले होते, पुढच्या वेळी."

"आणि पुढच्या वेळी?"

"अक्षर चांगलं होतं ना माझं."

अठ्ठावीस वर्षांत ताई एकदाही खड्ड्यावर गेलेल्या नाहीत. सतरावी त्यांना भेटली ती खोक्यांतून, कापसात, तुकड्यातुकड्याने. तिला मातीत निजलेली त्यांनी कधी पाहिलीच नाही. आणि मग मला ते एक्केचाळीस वेळा खेळणं कळलं. "तुम्ही खड्ड्याच्या काठावर उभ्या आहात." चुका पहिल्या सहा-सात वेळांतच सापडल्या होत्या. उरलेल्या पस्तीस वेळा बाई ऊन खायला जात होत्या.

साहेब आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि इतका वेळ चष्मा पुसला की ताईंचे यजमान असते तर नवा देऊन मोकळे झाले असते. मग दोन्ही थडग्यांची नोंदकार्डं मागवली. मण्यांवर नंबर नसल्याने रेघ कार्डावर मारायची होती. ताईंनी पट्टी घेतली नाही. सतराच्या कार्डावर एक रेघ, अठराच्या कार्डावर एक, दोन्हींखाली 'मूळ जागा अनिश्चित' आणि सही. हात जराही हलला नाही. त्यांच्या नोकरीच्या कागदांतही साहेबांनी ठपक्याची एक ओळ लिहिली, नियमाप्रमाणे. ती ताईंना सहीसाठी दाखवली, तर ताई म्हणाल्या, अक्षर वाईट आहे.

खेळ दहा दिवस बंद राहिला. मोठी माणसं यायची होती ती काचपेटी बघून चहा पिऊन गेली. मी मनात म्हटलं, झालं, गोष्टवालीने गाशा गुंडाळला. शत्रू हरल्यावर माणसाच्या अंगावर जरा मांस चढायला हवं, पण ताई उलट वाळल्या.

अकराव्या दिवशी खेळ पुन्हा सुरू झाला. आता तो खड्ड्यावर सुरू होत नाही. "तुम्ही खिडकीपाशी उभ्या आहात. बाहेर गाडी निघाली आहे. तुमच्यामागे दोन ताटल्या वाळत ठेवलेल्या आहेत. गाडी वळेपर्यंत बघाल, की कामाला लागाल?" काहीही निवडा, ताटल्या पडतातच. मग मणी वेचायचे, एकेक. मग खेळ विचारतो, तांबडे कुणाला? बाईला, पोराला, की साहेबांना जाऊन सांगाल? जे निवडाल तशी पुढची गोष्ट, आणि तिन्हींच्या शेवटी एकच वाक्य, की खरं काय ते मातीने सांगितलं होतं आणि चिठ्ठीने हरवलं.

रांगा दुप्पट झाल्या. म्हणजे बघा, ताईंनी जिला पाडायला तोंड उघडलं, तिच्या हातात त्याच तोंडाने दुसरी गोष्ट दिली, आधीपेक्षा चांगली. मी हे बोलून दाखवलं. म्हटलं, ताई, पोटात दुखत असेल. ताई म्हणाल्या, तिच्यामुळे नाही दुखत आता.

"मग?"

"त्या खेळातल्या बाईमुळे. लोक बाहेर पडताना म्हणतात, बिचारी किती प्रामाणिक. मला इतक्या वर्षांत कुणी बिचारी म्हटलं का? आणि तिसरं निवडलं की ती लगेच साहेबांकडे जाते. त्याच दिवशी. चपला न घालता. मला बावीस वर्षं लागली, वहिनी, हिला एक बोट लागतं."

स्वतःवरच जळणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

शेवटी त्यांना चूक सापडली. खेळातली खिडकी बाहेर उघडते. खरी आत उघडते, म्हणून तर कोपर मागे घ्यावं लागलं होतं. ती सांगायला त्या धावत आधी माझ्याकडे आल्या, यजमानांच्याही आधी. मी ते मनात नोंदवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी गोष्टवालीच्या टेबलावर गेली. ती म्हणाली, चिठ्ठ्या पुरे, इथे बसा आणि तुम्हीच लिहा. टेकडीच्या मागच्या अंगाला परवापासून पुन्हा खोदणार आहेत, मी साहेबांना विचारलंय, गाडीत जागा आहे.

ताई जाऊन आल्या. पूर्ण दिवस. डोक्याला फडकं बांधून गेल्या आणि नाकाचं साल काढून आल्या. काही सापडलं का म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, नुसती माती होती, आणि असं हसल्या की मला माझ्याच दारात परकं वाटलं.

त्या संध्याकाळी त्यांनी मला चहाला बोलावलं. आत गेले तर गोष्टवाली बसलेली, माझ्या खुर्चीत, बूट काढून. दोघींच्या नखांत सारखीच माती. यजमान साखर शोधत होते. ताईंनी मला श/१ मध्ये चहा दिला, तो मी नीट बघून घेतला. मग दोघी खिडकीच्या बिजागरीबद्दल बोलत आत संगणकाकडे गेल्या. बशी हलवायच्या निमित्ताने मी त्या पोरीचा कप उचलला आणि बूड पाहिलं.

श/२. पॉलिश अजून ओलं होतं.

मी बोट पुढे केलं. पुसता आलं असतं. मग कप होता तिथे ठेवला, यजमानांना साखरेच्या डब्याचा नंबर सांगितला, आणि आत जाऊन म्हटलं, सरका जरा दोघी, खिडकीचं मलाही बघू दे.